मागच्या दाराची गुप्तहेर कचेरी

नानांनी खासगी गुप्तहेर कचेरी काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण आली ती पाटीची. गुन्हेगार, पुरावे, पाठलाग हे सगळं पुढचं. पाटीच नसेल तर लोकांना कळणार कसं, की इथे हरवलेलं शोधून मिळतं?

बाकी तयारी झालेली होती. नानांची उभी हयात विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली होती. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चोरीला जाऊन दुसऱ्याच कपाटात सापडलेले दागिने यांचे पंचनामे करता करता आपण अर्धे गुप्तहेर झालोच आहोत, अशी त्यांची समजूत होती. उरलेलं अर्धं पाटी लावली की होणार होतं. पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नीचा, म्हणजे माईंचा, शिवणक्लास चाले. तिथे पायमशिनींच्या खडखडाटात गुप्त असं काही बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून नानांनी मागची अडगळीची खोली मागून घेतली. तिच्यातल्या गाद्या, तडकलेलं बेसिन आणि मुलाचा जुना पाळणा एका कोपऱ्यात रचला आणि उरलेल्या जागेत टेबल-खुर्ची मांडली.

पाटीचा मजकूर ठरवायला माईंचे धाकटे भाऊ आले. हे मेहुणे औषध कंपनीतून निवृत्त झालेले आणि नानांच्या कचेरीत आपण होऊन भागीदार झालेले. त्यांच्याकडे टपालाची तिकिटं बघायचं मोठं भिंग होतं, ही त्यांची पात्रता.

"भावोजी, पाटीवर एक डोळा काढा," ते म्हणाले. "सतत उघडा. रोखून बघणारा."

नानांनी डोळा काढून घेतला. रंगाऱ्याने तो इतका मन लावून काढला की शेजारच्या आजोबांनी पाटी भिंतीला टेकवलेली पाहून विचारलं, "मोतीबिंदूचं किती घेता?" नानांनी शांतपणे सांगितलं की इथे डोळ्यांचं काही होत नाही. "मग काढला कशाला?" आजोबा म्हणाले आणि आपला हक्काचा डोळ्याचा डॉक्टर ऐन वेळी शब्दाला फिरल्यासारखं तोंड करून निघून गेले.

खरा अडसर मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता. हे गृहस्थ हसले तर कुठल्या नियमाखाली हसले ते आधी बघावं लागे.

"दर्शनी भागावर व्यावसायिक पाटी लावता येणार नाही," ते म्हणाले.

"माईंच्या क्लासची आहे की."

"ती शैक्षणिक."

"मग मी कुठे लावू?"

"मागच्या दारावर लावा. तिकडे बोळ आहे. तिकडे कोणी बघत नाही."

"कोणी बघत नसेल तर पाटीचा उपयोग काय?"

"म्हणूनच तर परवानगी देतोय," सेक्रेटरी म्हणाले.

मागचा बोळ म्हणजे दोन इमारतींमधली फट होती. तिथून माणूस आडवाच जाऊ शके, तोही जेवायच्या आधी. एका बाजूला सांडपाण्याचा पाइप, दुसऱ्या बाजूला शेवाळलेली भिंत. नानांनी तिथे पाटी ठोकली, आत येऊन खुर्चीत बसले आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. त्यांच्या वाट पाहण्याच्या पद्धतीत डोळे मिटलेले असत आणि तोंड किंचित उघडं असे. पाहणाऱ्याचा गैरसमज होई, त्याला नाना काय करणार?

काही दिवस कोणीच फिरकलं नाही. बदल झाला तो एवढाच की दुपारचा चहा गार येऊ लागला. माईंच्या क्लासात एक नवी मुलगी आली होती. अबोल, फिकट, पायघोळ कपडे घालणारी, केस पार गुडघ्यापर्यंत. मागच्या खोलीत चहा तीच आणून देई. तिच्या हातून टेबलापर्यंत येईस्तोवर कपावर साय नव्हे, चक्क पापुद्रा धरलेला असे. नानांनी माईंकडे तक्रार केली. माई म्हणाल्या, "हात गार आहेत तिचे. त्याला ती काय करणार?" नानांना हे उत्तर पटलं नाही, पण गुप्तहेराने घरातल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालू नये, म्हणून त्यांनी विषय सोडला.

आणि एके दिवशी सकाळी मागचं दार वाजलं.

दारात एक उंच बाई उभ्या होत्या. हिरवा झगा जमिनीवर लोळत होता, डोळे त्याहून हिरवे होते आणि चेहऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा खानदानी तोरा होता. त्या आत येऊन बसल्या तशी टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची चकती तरंगू लागली.

"पाटी तुमचीच ना?" बाईंनी विचारलं. "आमच्या अख्ख्या गावात चर्चा आहे. डोळा फार सुंदर आहे."

नानांचा ऊर भरून आला. पाटीला बरं म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

"आपण कुठल्या?"

"इथल्याच. बोळाच्या पलीकडच्या शहरातल्या. आम्ही हडळ."

मेहुण्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची नाडी धरली. नाना मात्र डगमगले नाहीत. क्लेम खात्यात त्यांच्यासमोर स्वतःच्या मृत्यूचा दाखला घेऊन बसलेला माणूसही त्यांनी पाहिला होता. ही बाई निदान खरं बोलत होती.

"काम काय आहे?"

"माझी मुलगी नाहीशी झाली."

"माफ करा, पण नाहीसं होणं हे तुमच्याकडे..."

"तसं नाहीसं होणं वेगळं," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "त्यातून आम्ही परत दिसतो. ही दिसलीच नाही."

मग त्यांनी हकिगत सांगितली. पलीकडच्या शहरात एक जुना पूल होता. त्या पुलावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला घाबरवायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. हे काम चैनीचं नव्हतं. अधूनमधून सणसणीत भीती बसली नाही, तर त्या शहरातली भुतं फिकट होत होत पुसून जात. बाईंचं आता वय झालं होतं. मुलीने रुजू व्हायचं ठरलं होतं आणि नेमकी रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पोर घरातून गेली. अमावास्येपर्यंत पुलावर कोणी उभं राहिलं नाही, तर जागा खविसांकडे जाणार होती.

"खवीस नुसते ओरडतात," बाई म्हणाल्या. "त्याला कला म्हणत नाहीत."

"मुलीचा फोटो?"

"आम्ही फोटोत येत नाही."

"वर्णन?"

"कमी बोलते. केस गुडघ्यापर्यंत. हात गार."

नानांनी हे सगळं काळजीपूर्वक लिहून घेतलं. तेवढ्यात पुढच्या खोलीतून ती नवी मुलगी चहाचे कप घेऊन दारापर्यंत आली, पाहुण्या बाईंची पाठ पाहून कप तिथेच स्टुलावर ठेवून मागच्या मागे पळाली. नाना चहा पिऊन म्हणाले, "गारच आहे," आणि वर्णनाखाली रेघ मारली.

बोळातून आडवं सरकत पाइपाच्या पुढे गेलं की भिंत संपते आणि रस्ता सुरू होतो, हे नानांना त्या दिवशी प्रथम कळलं. इतकी वर्षं त्या घरात राहून ते कधी पाइपापलीकडे गेले नव्हते. पलीकडे रुंद, मोकळा, उंच घरांचा रस्ता होता. रस्त्याकडेचे दिवे भर दिवसा लावलेले होते आणि त्यांतून प्रकाशाऐवजी अंधार पडत होता. ज्यांना ऊन सोसत नाही ते त्या अंधाराखालून जात होते. एका दुकानाबाहेर लिहिलं होतं, 'जुन्या किंकाळ्या दुरुस्त करून मिळतील'. शेजारच्या आरशांच्या दुकानात मालक एकटाच बसला होता, आणि तोही आरशात नव्हता.

चौकात एक हवालदार स्वतःचं डोकं हातात धरून रहदारी बघत होता. त्याने आधी डोकं नानांकडे केलं, मग स्वतः वळला.

"परवाना?"

"कसला?"

"तपासाचा. नगर कचेरीत मिळेल. सरळ जा, भिंत लागली की तिच्यातून आत."

नाना आणि मेहुणे भिंतीतून जाऊ शकत नसल्यामुळे त्यांना दार शोधावं लागलं आणि दार खुद्द शिपायालाही माहीत नव्हतं. शेवटी ते कपाटामागे सापडलं. आत एक कारकून बसला होता. त्याच्या आरपार भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं आणि तेही बंद होतं.

"मृत्यूचा दाखला," कारकून म्हणाला.

"मी जिवंत आहे," नाना म्हणाले.

"तसं लेखी आहे का?"

"पेन्शनसाठी दरवर्षी देतो की हयातीचा दाखला."

"तो तुमच्याकडचा. आमच्याकडे हयात हा रकाना नाही." कारकुनाने एक जाडजूड पुस्तक चाळलं. "तुम्हाला एका गटात बसवता येईल. संभाव्य मयत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे होणारच आहात, पण झालेला नाहीत."

नाना उसळले. "हे पाहा, मी रोज सकाळी टेकडी चढतो. माझी साखर, रक्तदाब सगळं व्यवस्थित आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसतं," तो म्हणाला आणि शिक्का मारला. मेहुण्यांकडे त्याने नुसतं पाहिलं आणि काही न विचारताच त्यांनाही मारला. मेहुणे वयाने लहान असल्यामुळे त्यांना हे जास्त लागलं.

"आणि पहिलं प्रकरण सुटलं नाही तर?" नानांनी जाता जाता विचारलं. "परवाना रद्द?"

"छे. परवाना कायम राहतो," कारकून म्हणाला. "फक्त 'संभाव्य' हा शब्द रद्द होतो."

बाहेर आल्यावर दोघं एका अंधार पाडणाऱ्या दिव्याखाली उभे राहिले. आता हे प्रकरण नुसतं प्रतिष्ठेचं राहिलं नव्हतं.

"भावोजी," मेहुणे म्हणाले, "सुरुवात घटनास्थळापासून करावी."

"घटनास्थळ म्हणजे बाईंचं घर. पण त्याआधी मला एक दाखवायचंय."

सकाळी बोळातून बाहेर पडतानाच नानांच्या क्लेम खात्यातल्या नजरेने एक गोष्ट हेरली होती. पलीकडच्या शहरात वारा सुटत नाही. त्यामुळे रस्त्यावरची पिठासारखी धूळ वर्षानुवर्षं जागची हलत नाही. तिथले बहुतेक लोक तरंगत जातात, म्हणून धुळीवर पावलंही उमटत नाहीत. पण नानांच्या मागच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत अनवाणी पावलांची एक ओळ गेली होती. लहान, नाजूक, मुलीची पावलं. बोटं शहराच्या दिशेने.

दोघं बोळापाशी परत आले आणि मेहुणे भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले. "कोणीतरी आपल्या दारातून निघून शहरात गेलंय," ते म्हणाले.

"उघड आहे," नाना म्हणाले.

इथे वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. हडळीच्या पायांबद्दल लहानपणी प्रत्येकाने काही ना काही ऐकलेलं असतं. नानांनीही ऐकलं होतं. पण उभ्या जन्मात कामाला आली असती अशी ही एकुलती एक माहिती त्यांना ऐन वेळी आठवली नाही, आणि बाईमाणसाच्या पायांकडे निरखून बघणं त्यांच्या वळणात बसत नव्हतं.

दोघं त्या पावलांमागून निघाले. पावलं चौकातून गेली, किंकाळ्यांच्या दुकानावरून वळली, एका बागेला वळसा घालून चढावर चढली. बागेतल्या बाकावर एक म्हातारा वेताळ बसला होता. कुठे जाताय, असं त्याने विचारलं आणि नानांनी सांगितल्यावर मनापासून हसला. सगळ्याच शहरांत चेष्टेखोर म्हातारे असतात, असं म्हणून नाना पुढे झाले. शेवटी पावलं एका मोठ्या फाटकातून आत शिरली आणि थेट दाराच्या उंबऱ्याशी संपली. बोटं घराकडे.

दार हडळबाईंनी उघडलं.

"सापडली," नाना म्हणाले. इतका दबदबा त्यांच्या आवाजात स्वतःच्या लग्नातही नव्हता. "बाई, तुमची मुलगी घरातच आहे."

"घरात नाही."

"पुरावा तसं सांगतो. ती बाहेरून आली, फाटकातून आत शिरली, उंबरा ओलांडला. परत गेल्याची एकही खूण नाही."

"म्हणजे मीच माझी मुलगी लपवून ठेवलीय असं तुमचं म्हणणं आहे?"

"मी कोणावर आरोप करत नाही," नाना म्हणाले आणि मेहुण्यांना खूण केली. विम्याच्या कामात माणूस एकदा दिवाणखान्यापर्यंत पोचला की मागे फिरत नाही. दोघांनी घर पालथं घातलं. मेहुण्यांनी एक कपाट उघडलं, तर त्यात बाईंचे सासरे विश्रांती घेत होते. त्यांनी दार आतून ओढून घेतलं. नानांनी एका पेटीचं झाकण उचललं, तर आतून थंडगार हुंदका बाहेर आला. तो ठेवणीतला होता आणि लग्नकार्यातच वापरत, असं नंतर कळलं. दोघांनी माळा पाहिला, तळघर पाहिलं, गालिचाही उलटून पाहिला. मुलगी नव्हती.

बाई इतका वेळ दिवाणखान्याच्या टोकाला उभ्या होत्या. आता त्यांचे केस आपोआप सुटू लागले.

"माझ्या घरात," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना उठवून, मलाच चोर ठरवता?"

त्या नानांच्या दिशेने येऊ लागल्या. नाना मागे सरकत होते आणि नजर चुकवायची म्हणून जमिनीकडे बघत होते. गालिचा उलटल्यामुळे फरशीवरची जुनी धूळ उघडी पडली होती. बाई पुढे येत होत्या. त्यांची पावलं त्या धुळीत एकापुढे एक उमटत होती. आणि प्रत्येक पावलाची बोटं मागे वळलेली होती. बाई चाल करून येत होत्या आणि त्यांच्या पाऊलखुणा पळून जात होत्या.

नाना थबकले. त्यांच्या डोक्यात चौक, किंकाळ्यांचं दुकान, बाग, बोळ असा सगळा रस्ता शेवटाकडून सुरुवातीकडे सर्रकन फिरला आणि येऊन थांबला तो त्यांच्याच पाटीखाली. मग त्यांना गार चहा आठवला.

त्यांनी हे गुपित ठेवलं असतं. पण मेहुण्यांनाही त्याच क्षणी उलगडा झाला आणि त्यांच्यात तो धीर नव्हता.

"भावोजी," ते मोठ्याने म्हणाले, "म्हणजे ती आपल्या घरात गेलीय."

बाई जागच्या जागी नाहीशा झाल्या.

नाना धावले. निवृत्तीनंतर प्रथमच धावले. उतार, बाग, चौक मागे पडला. हवालदाराने थांबवायला हात वर केला, पण त्या गडबडीत त्याचं डोकंच खाली पडलं आणि तो ते शोधत बसला. बोळात नाना आडवे सरकत असताना पोटाने दगा दिला, तेव्हा मेहुण्यांनी मागून ढकललं. बाईंना मात्र रागाच्या भरात असताना परक्या उंबऱ्यातून बोलावल्याशिवाय आत शिरता येत नसावं, कारण त्या दारातच ताटकळत उभ्या होत्या. नाना त्यांच्या बाजूने आत घुसले आणि सरळ पुढच्या खोलीत गेले.

क्लास भरलेला होता. बायका मान खाली घालून टिपा मारत होत्या. कोपऱ्यातल्या मशिनीवर ती मुलगी बसली होती. एक चुकलेली बाही तिच्या सुईखालून सरकत होती आणि मशीन उलटं फिरत होतं. टाके एकामागून एक आपोआप सुटत होते, दोरा परत रिळावर गुंडाळला जात होता आणि कापड जसं दुकानातून आणलं तसं कोरं होऊन बाहेर पडत होतं.

"अगं, हिचे पाय बघितलेस का?" नानांनी धापा टाकत विचारलं.

"पहिल्याच दिवशी बघितले," माई दातांतली टाचणी काढून म्हणाल्या. "तुमच्या मागच्या दाराने आली बिचारी. तुम्ही खुर्चीत घोरत होतात, तुमच्या पायांना वळसा घालून आत आली. मला वाटलं, क्लासला नाव घालायचंय."

"मी वाट पाहत होतो," नाना म्हणाले. "आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? शिवणारे छप्पन मिळतात हो. उसवायला कोणी तयार नसतं. ही पोर अख्ख्या क्लासाच्या चुका निस्तरते."

मुलगी उठून उभी राहिली होती. "काका," ती म्हणाली. तिचा आवाज नानांनी प्रथमच ऐकला. "आईला सांगू नका. मी एकदा सरावाला उभी राहिले होते पुलावर. एक म्हातारा वेताळ आला. मी दात दाखवले, तो दचकला, त्याची काठी पडली. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला हात धरून पलीकडे सोडून आले. मला नाही जमत कोणाला घाबरवायला."

मागच्या खोलीच्या दारात अंधार दाटून आला होता. सौजन्याची सवय माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. मेहुणे दार धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या ना, बसा."

बाई आत आल्या. दिवे मिणमिणले. सगळ्या मशिनींच्या सुया थरथरल्या. एक बाई मान वर न करता म्हणाली, "माई, लाइट गेले वाटतं," आणि अंदाजाने टीप मारत राहिली.

नाना मधे उभे राहिले. असं का केलं, हे त्यांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. प्रकरण सुटलं होतं. बाजूला झाले असते, तर 'संभाव्य' हा शब्द सुखरूप राहिला असता. पण त्यांच्या पाठीशी एक पोर उभी होती आणि तिच्या गार श्वासाने त्यांची मान गोठत होती.

"बाई, तपास पुरा झालेला नाही," ते म्हणाले. "मुलगी कुठे आहे ते सापडलंय. का आली ते सापडायचंय. अर्धवट अहवाल मी आयुष्यात दिलेला नाही."

"बाजूला व्हा."

"नाही होणार."

माईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हातातली कात्री टेबलावर ठेवून त्याही त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी केस पाठीवर सोडले. छतापर्यंत काळोख चढला. आणि नेमकी त्याच वेळी पुढच्या दाराची बेल वाजली, कडी निघाली आणि सेक्रेटरी आत आले.

"जिन्यात गारठा कुणी सोडलाय?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर हडळबाईंवर गेली. "आपण कोण? पाहुण्या का? कुठल्या दाराने आलात?"

"मागच्या," बाई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणीतरी जाब विचारत होतं.

"मागचं दार पाहुण्यांसाठी नाही. नोंद केलीत? नाही केली. वाहन आहे? नाही? मग आलात कशा? आणि हे केस बांधा आधी. सामाईक जागेत केस गळतात, मोऱ्या तुंबतात, मग तक्रारी माझ्याकडे येतात."

बाईंनी दात दाखवले. सेक्रेटरींनी ते पाहिले आणि म्हणाले, "दातांचं काही काम असेल तर डॉक्टर पलीकडच्या इमारतीत आहे. तिकडेही नोंद करूनच जायचं." ते एक पाऊल पुढे आले. बाई एक पाऊल मागे सरकल्या. ते बोलत राहिले. पाण्याच्या टाकीची वेळ, पायपुसण्यांचा आकार, भिंतींना टेकून उभं राहण्याबाबतचा ठराव. बाई मागे मागे जात मागच्या खोलीतल्या गाद्यांच्या ढिगाला टेकल्या. त्यांच्या फिकट गालांवर हळूहळू रंग चढला. हातांची पुसट कड ठळक झाली, झग्याचा हिरवा रंग गडद झाला. त्यांनी घाईघाईने केसांचा अंबाडा घातला.

"हे कोण?" त्यांनी पाठोपाठ आलेल्या नानांना हळूच विचारलं.

"आमचे सेक्रेटरी."

"मरून किती वर्षं झाली?"

"जिवंत आहेत."

"जिवंतपणी हे असं?" बाई म्हणाल्या. त्यांनी अंगावरचा शहारा दोन्ही हातांनी चोळला आणि मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्या सावरून सेक्रेटरींसमोर उभ्या राहिल्या, तरी थोडं अंतर राखूनच. "आमच्या शहरात एक पूल आहे. रोज पुष्कळ लोक ये-जा करतात. तिथे उभं राहायला भारदस्त माणूस हवाय."

"पुलाला नियम काय आहेत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"एकही नाही."

सेक्रेटरींनी खिशातलं पेन काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की नानांनी आदराने मान वळवली. इमारतीत आता नवा नियम करायला जागाच उरली नव्हती. आणि इथे एक अख्खा पूल कोरा पडला होता.

अमावास्येआधीच ते रुजू झाले. पहिल्याच दिवशी पुलावरून तरंगणाऱ्यांना त्यांनी डाव्या बाजूने, एका उंचीवर आणि रांगेत तरंगायला लावलं. भिंतीतून आरपार जाणाऱ्यांकडून भिंतमालकाची लेखी संमती मागितली. शहरात हाहाकार उडाला. पुसत चाललेले वृद्ध पुन्हा ठसठशीत दिसू लागले. खवीस अर्ज घेऊन आले होते, ते चुकीच्या रांगेत उभे राहिल्याबद्दल परत पाठवले गेले. कारकुनाने प्रकरण सुटल्याची नोंद केली आणि नानांचा शब्द जागच्या जागी राहिला. तो आनंद नानांनी घरी येऊन सांगितला, तेव्हा माई म्हणाल्या, "म्हणजे अजून संभाव्यच का?" आणि भाजी चिरायला घेतली.

हडळबाई मात्र जाताना दारात थबकल्या होत्या. मुलीकडे न बघता त्यांनी नानांना विचारलं, "तुम्ही म्हणालात, का आली ते शोधायचं राहिलंय."

"हो."

"मग शोधा. चिंध्या उसवण्यात असं काय ठेवलंय, हे मला कळलं पाहिजे. मी चौकशीला येईन."

तेव्हापासून त्या दर दुपारी येतात. मागच्या दाराने, पण नोंद करून. केस घट्ट बांधलेले असतात. आत आल्यावर त्या मुलीकडे पाहतही नाहीत, आधी कचेरीत येऊन ताठ उभ्या राहतात.

"तपास कुठवर आला?" त्या विचारतात.

नाना खुर्चीत सावरून बसतात, चष्मा लावतात आणि पुढच्या खोलीतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात. तिथे मुलीच्या मांडीवर, मशिनीवर आणि जमिनीवर उसवून परत गुंडाळलेल्या दोऱ्यांच्या रिळांचा रंगीबेरंगी ढीग पडलेला असतो.

"काही धागेदोरे हाती लागलेत," ते गंभीरपणे सांगतात. "पण घाई करून चालणार नाही. जवळून पाहणी करावी लागेल."

बाई तितक्याच गंभीरपणे मान हलवतात, पुढच्या खोलीत जातात आणि पाहणीत कसूर राहू नये म्हणून लेकीच्या शेजारचं स्टूल ओढून बसतात.